यतीमखाना : आई हयात असलेल्या यतीमांचं घर

यतीमखाना म्हटलं की आई-बाप दोघेही नसलेली मुलं आपल्या डोळ्यांसमोर येतात. इस्लामी परिभाषेत मात्र वयात येण्याआधी ज्याचं पितृछत्र हरपलं तो यतीम. आई हयात असली तरीही. त्यामुळे यतीमखान्यातल्या अनेक मुलांना गावाकडे आई असते आणि सुट्टीत ती तिच्याकडे जातातही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वडील अब्दुल्लाह त्यांच्या जन्माआधीच वारले. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब. मग चुलते अबू तालिब यांनी त्यांना सांभाळलं. म्हणजे ते वाढले नात्यातल्या घरात. जिथे असं घर उरत नाही तिथे संस्था उभ्या राहिल्या. मलबारमधल्या १९२१ च्या उठावानंतर १९२२ साली कोझिकोडला जे.डी.टी. इस्लाम सुरू झालं, तर १९४३ च्या कॉलऱ्याच्या साथीनंतर तिरुरंगाडीचा यतीमखाना.

दिवस साधारण सगळीकडे सारखाच. फज्रला उठायचं, नमाजनंतर कुरआन पठण, नाश्ता, शाळा. असरनंतर खेळ, मगरिबनंतर अभ्यास, इशानंतर झोप. मोठी मुलं लहानग्यांना वजू शिकवतात, भांडणंही तीच सोडवतात. पहिला रोजा, कुरआन खत्म, हिफ्ज पूर्ण झाल्यावर दस्तारबंदी, दहावीचा निकाल हे इथले मोठे दिवस. रमजानमध्ये इफ्तारसाठी देणगीदारांची रीघ लागते आणि मग फोटो निघतात. खजूर हातात धरून रांगेत बसलेल्या मुलांचे असे फोटो नावानिशी टाकणं शोभत तर नाहीच, पण बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

याच कायद्याच्या कलम ४१ नुसार अशी मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. मूल दाखल होतं ते बालकल्याण समितीच्या आदेशाने. ‘आमचं तर दीनी काम आहे’ म्हणून यातून सूट मिळत नाही. देणगी देताना पावतीइतकंच नोंदणीपत्रही मागावं. जकात, फित्रा आणि लिल्लाह यांचा हिशेब वेगळा ठेवला जातो का, तेही विचारावं. इमारत बांधायला जकातीची रक्कम वापरता येत नाही, असं बहुतांश उलमांचं मत आहे.

आता खरा प्रश्न आईचा. बऱ्याचदा ती मुलाला पाठवते ती निव्वळ गरिबीमुळे, आणि तोडगा म्हणून मोहल्लाही तिला यतीमखान्याचाच पत्ता देतो. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. एकल पालक असलेलं मूलही तिच्यात बसतं. २०२३ पासून दरमहा २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. एखाद्या विधवा बहिणीला तिथवर सोबत करणं आणि वडिलांचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला जमवून देणं हे काम देगी चढवण्याइतकं दिसत नाही, पण मूल आईजवळ राहतं. जिथे घर खरोखरच सुरक्षित नाही किंवा शाळाच नाही, तिथे यतीमखाना हाच योग्य मार्ग. मोहम्मद अली शिहाब यांचे वडील वारल्यावर आईनेच त्यांना कोझिकोड जिल्ह्यातल्या मुक्कमच्या यतीमखान्यात ठेवलं. पुढे ते नागालँड केडरचे आयएएस अधिकारी झाले.

अठरावं वर्ष सगळ्यात अवघड. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण ते आई-वडील दोघेही नसलेल्यांसाठी. म्हणजे शरीअतनुसार यतीम असलेला आपला मुलगा आई हयात असल्यामुळे त्यात बसत नाही. हा फरक अर्ज भरताना नव्हे, दहावीतच समजावून सांगितला पाहिजे. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची मदत मिळू शकते, तीही मागावी लागते. सूरह निसामध्ये यतीम समजूतदार झाला की त्याची मालमत्ता साक्षीदारांसमोर त्याच्या हवाली करण्याचा आदेश आहे. यतीमखान्यातल्या मुलाची मालमत्ता बहुधा एका फाइलीत मावते : जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, वडिलांचा मृत्यू दाखला, बँकेचं पासबुक. तीही त्याच्या हाती अशीच, मोजून आणि सही घेऊन द्यावी.