किल्ली कोनाजवळ?



मागच्या बैठकीत आम्ही मोबाइलवरच्या फसवणुकीबद्दल बोलत होतो. एक काकू म्हणाल्या, "आपल्या पेटीले तीन कुलुपं होते, तीन जणींपाशी किल्ल्या. आता पैसा बँकेत, मंग किल्ली कोनाजवळ?" आज त्या किल्लीचाच इतिहास सांगतो.

बँकेचे निरोप आकड्यांच्या कुलपात बंद करून पाठवतात. खूप मोठ्या आकड्याचे अवयव पाडणं फार कठीण, यावर त्यातली बरीच कुलपं टिकून आहेत. 1994 मध्ये अमेरिकेत पीटर शोर यांनी दाखवलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे अवयव झटपट पाडेल. तेवढा मोठा संगणक अजून झालेला नाही.

उपाय मात्र दहा वर्षं आधीच मांडला गेला होता, तोही आपल्या देशात. डिसेंबर 1984 मध्ये बंगळूरच्या परिषदेत चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी प्रकाशाच्या एकेका कणावरून किल्ली पाठवायची रीत सांगितली. विरजण लागताना भांडं हलवलं तर दही मोडतं आणि घरात कळतं. तसंच वाटेत कुणी कण पाहिला की तो बिघडू शकतो. दोन्हीकडचे लोक थोडे कण जुळवून पाहतात. बिघाड जास्त दिसला तर ती किल्ली टाकून नवी घेतात.

1989 च्या पहिल्या प्रयोगात अंतर होतं 32 सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत. फेब्रुवारी 2022 मध्ये डीआरडीओ आणि दिल्ली आयआयटीने प्रयागराज ते विंध्याचल, 100 किलोमीटरहून लांब, अशी किल्ली पाठवली. म्हणजे जवळपास अमरावती ते अकोला!

एप्रिल 2023 मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी 6,003 कोटी रुपये मंजूर केले. कणांचा हाच नाजूकपणा अतिसूक्ष्म मोजमापाला कामी येतो. ते काम मुंबईच्या आयआयटीकडे आहे. 2024 मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा यांनी सहा क्युबिटचा प्रोसेसर तपासून पाहिला.

पण मैत्रिणींनो, फोनवर आपणच ओटीपी सांगितला, तर यातलं कोणतंच कुलूप कामाचं नाही. काकूंना आम्ही हेच सांगितलं: एक किल्ली अजून तुमच्याच हातात आहे. फसवणूक झाली तर लगेच 1930 वर फोन करा. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.