कुंतीचे कुंपण आणि नागपुरी संत्रे

#थ्रेड

पावसाच्या पहिल्या सरींनंतर नागपुरातल्या जुन्या बंगल्यांपाशी संध्याकाळी जो गोड दरवळ येतो, तो दर वेळी मोगऱ्याचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो कुंतीचा असतो. रोपवाटिकेत हिलाच कामिनी किंवा मधुकामिनी म्हणतात. (नावाचा संबंध महाभारताशी जोडण्याचा मोह आवरावा.)

लहानसा सदाहरित वृक्ष, पाच पाकळ्यांची पांढरी फुले आणि त्यानंतर सुमारे सेंटिमीटरभर लांबीची नारिंगी-तांबडी फळे. ही फळे पक्षी खातात व बिया दूरवर नेतात. दक्षिण व आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतची वने हे तिचे मूळ घर. लाकूड कठीण आणि चिवट, म्हणून त्यापासून हत्यारांचे दांडे होत. जावा बेटावर क्रिस नावाच्या खंजिराच्या मुठी व म्यानेही याच लाकडाची करीत.

युरोपीय शास्त्राने तिला नाव दिले ते मात्र गमतीचे. लिनियसने १७६७ मध्ये तिला ‘चाल्कास पॅनिक्युलाटा’ म्हटले आणि १७७१ मध्ये याच गोतातल्या रोपाला ‘मुराया एक्झॉटिका’. ‘मुराया’ हे त्याचा शिष्य योहान आंद्रेआस मरे याच्या सन्मानार्थ. ‘एक्झॉटिका’ म्हणजे परदेशी. आपल्या रानातले झाड परदेशी कोणासाठी, हा प्रश्न वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. आज रूढ असलेले ‘मुराया पॅनिक्युलाटा’ हे नाव विल्यम जॅक या स्कॉटिश डॉक्टरने १८२० मध्ये दिले.

आता मुख्य मुद्दा. कुंतीचे पान उजेडासमोर धरून पाहा. त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तैलग्रंथी आहेत. बेल, कवठ, लिंबू, कढीपत्ता आणि संत्रे यांच्याही पानांत त्या असतात, कारण ही सगळी एकाच रुटेसी कुळातली. म्हणजे कुंती ही नागपुरी संत्र्याची चुलत बहीण. हे संत्रे रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणून आपल्या बागेत लावले असे परंपरा सांगते. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

नात्याबरोबर शत्रूही वाटून घ्यावा लागतो. सिट्रस सायला हा तीन-चार मिलिमीटरचा कीटक पानावर डोके खाली, शेपूट वर अशा तिरक्या आसनात बसतो. कुवायामा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये तैवानमधील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. तो रस शोषतो हे दुय्यम. ग्रीनिंग या रोगाचे जिवाणू तो एका झाडातून दुसऱ्या झाडात नेतो, आणि बाधित झाड बरे करणारा उपाय अद्याप नाही. पाने ठिपकेदार पिवळी पडतात, फळ वेडेवाकडे वाढते, बुडाशी हिरवेच राहते. भारतात हा कीटकच रोगवाहक आहे, हे कपूर, राव व विश्वनाथ यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. विदर्भाच्या बागांतही हा रोग नोंदला गेला आहे.

यात कुंतीची भूमिका नेमकी काय? सायलाची मादी अंडी घालते ती फक्त कोवळ्या नवतीवर. संत्र्याला नवती बहाराच्या वेळी फुटते, मग थांबते. कुंपण म्हणून वाढवलेल्या कुंतीला मात्र माळी वरचेवर कात्री लावतो, आणि प्रत्येक छाटणीनंतर नवे फुटवे येतात. संत्र्यावर कोवळे पान नसते त्या दिवसांत कीटकाच्या अन्नपाण्याची सोय आपण कुंपणात करून ठेवतो. रानातल्या कुंतीला कात्री लागत नाही. दोष असलाच तर तो झाडापेक्षा बंगल्याच्या शिस्तबद्ध कुंपणाच्या आवडीचा आहे, असे माझे मत.

फ्लोरिडात हे प्रत्यक्ष घडले. जून १९९८ मध्ये तिथे सायला प्रथम सापडला तो परसातल्या कुंतीवर, आणि पुढे दुकानांतून विकल्या जाणाऱ्या कुंतीच्या कुंड्यांबरोबर तो राज्यभर फिरला. २००५ मध्ये ग्रीनिंग आढळला. २००३-०४ च्या हंगामात संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघत. २०२२-२३ मध्ये जेमतेम १ कोटी ५८ लाख. त्या वर्षीच्या चक्रीवादळाचा वाटा त्यात आहे, पण बागा आधीच खिळखिळ्या झाल्या होत्या.

सायलाचा एक वैरीही आहे, आणि तो आपल्याच उपखंडातला. टॅमरिक्सिया रेडिआटा ही इवली गांधीलमाशी सायलाच्या पिल्लांवर अंडी घालते. तिची अळी त्या पिल्लांना खाऊन वाढते. १९२२ मध्ये वॉटरस्टन याने तिचे वर्णन केले ते पंजाबातल्या लायलपूरच्या नमुन्यांवरून. १९७८ मध्ये ती भारतातून रियुनियन बेटावर नेण्यात आली, २०११ मध्ये पाकिस्तानी पंजाबातून आणलेली कॅलिफोर्नियात सोडली. तिची पैदास करायची तर आधी सायला पोसावा लागतो, आणि सायला पोसण्यासाठी अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी जी रोपे वापरली, त्यांत कुंतीही होती.