पायाचा मान

सांबराची शिंगं भिंतीवर का लावली, असं कुणी विचारत नाही. शिंगं डोळ्यांत भरतातच. पण फ्रान्समधल्या जुन्या शिकारी घराण्यांच्या दिवाणखान्यात शिंगांच्या शेजारी लाकडाची एक छोटी ढाल असते आणि तिच्यावर खुरासकट कापून वाळवलेला हरणाचा एक पाय. खाली धातूची पट्टी, पट्टीवर शिकारीची तारीख आणि जंगलाचं नाव. पाय जवळजवळ नेहमी पुढचा आणि उजवा. त्यात पाहण्यासारखं काय, असं वाटणं साहजिक आहे, कारण ही वस्तू शोभेसाठी जन्मलीच नाही. ती पुरावा म्हणून जन्मली.

फ्रान्समध्ये कुत्र्यांचा जथा आणि घोडेस्वार घेऊन नराचा पाठलाग करण्याची पद्धत मध्ययुगापासून चालत आली आहे. हा नर रेड डिअर जातीचा, आपल्या सांबराच्या जवळपास चणीचा. पाठलाग भले दुपारी होत असेल, शिकारीची निम्मी अक्कल पहाटेच खर्ची पडलेली असते. उजाडायच्या सुमारास एक माणूस मुका कुत्रा दोरीला बांधून जंगलात शिरतो. मुका म्हणजे वास लागला तरी न भुंकणारा. हरणाला उठवायचं नसतं, ते कुठे बसलंय एवढंच हेरायचं असतं. माणूस ओल्या मातीतले ठसे वाचतो, जिथे माग झाडीत शिरतो तिथे फांदी मोडून खूण करतो आणि परत येऊन मुख्य शिकाऱ्याला सांगतो की अमुक ठिकाणी अमुक वयाचा नर आहे.

हे वाचन फार बारीक असतं. मादीचा ठसा अरुंद, पुढे टोकदार. नराचा रुंद, आणि वय वाढेल तशी खुरांची टोकं झिजून बोथट झालेली. टाच किती रुंद, हे पाहायचं. खुरांच्या मागे वरच्या अंगाला जी दोन लहान खुरं असतात त्यांचा ठसा उमटला असेल तर ती किती फाकलेली, हे पाहायचं. चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो, पुढे जातो की मागेच राहतो, हेही पाहायचं. वयस्क, अंगानं भरलेल्या नराचा मागचा पाय मागे राहतो, कोवळा नर तो पुढे टाकतो. एवढ्यावर कोणत्या हरणामागे दिवसभर घोडे दमवायचे हे ठरायचं.

लेंड्यांवरूनही अंदाज बांधत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस गास्तों फेबुस या फ्रेंच सरदारानं शिकारीवरचा आपला ग्रंथ लिहिला. त्यात माग काढणारा लेंड्या शिंगात घालून, तोंडाला गवताचा बोळा लावून बैठकीत आणतो. जॉर्ज टर्बरव्हिलच्या नावानं १५७५ मध्ये इंग्लंडात निघालेल्या शिकारीच्या पुस्तकात तर खुद्द राणी एलिझाबेथपुढे गुडघे टेकून हा नजराणा पेश करणाऱ्या शिकाऱ्याचं चित्र आहे. राणीसमोर लेंड्या! पण त्या बैठकीत ते कागदपत्रासारखं होतं.

म्हणून दिवसाच्या शेवटी जो पाय कापला जातो तो सकाळच्या ठशाशी ताडून पाहता येतो. सकाळी ज्याचं वय आणि अंग मातीवरून सांगितलं तोच हा, की पाठलागात कुत्री दुसऱ्याच्या मागे लागली? शिंगं हा प्रश्न सोडवत नाहीत, कारण शिंगांचा ठसा मातीत उमटत नाही. माझ्या मते या प्रथेचं मूळ इथेच आहे.

राजदरबारात त्याला विधीचं रूप आलं. बूर्बों राजांच्या काळात शिकारखात्याचा प्रमुख तो पाय राजाला सादर करी. राजेशाही गेली, विधी टिकला. आजही फ्रान्समध्ये शिकारीच्या अखेरीला शिकारी उजवा पुढचा पाय कापतो. नळीवरचं कातडं उभं चिरून त्याच्या पट्ट्यांची वेणी घालतो, म्हणजे पाय धरायला मूठ होते. मग पथकाचा प्रमुख सांगेल त्या पाहुण्याला किंवा पाहुणीला तो बहाल होतो, पितळी शिंगांवर ठरलेली धून वाजते आणि मान मिळालेला शिकाऱ्याच्या हातावर बक्षिसी ठेवतो. या विधीचं नावच पायाचा मान. मान कुणाला द्यायचा हे प्रमुख ठरवतो, त्यामुळे पायाबरोबर रुसवेफुगवेही घरोघर गेले असणार.

मान मिळाला, पण तो टिकवायचा कसा? हरणाच्या पायाच्या त्या भागात मांस जवळजवळ नसतंच. हाड, स्नायूंच्या दोऱ्या, वर ताणून बसलेलं कातडं. थंड, कोरड्या हवेत असा पाय मीठ-तुरटी चोळून टांगला तरी बऱ्यापैकी वाळतो. घरगुती हौशी माणसाला पेंढा भरण्याच्या कलेत पहिला धडा म्हणून हाच पाय का देतात, तेही यातून कळतं. डोळा बसवायचा नसतो, ओठांची ठेवण साधायची नसते.

तरी खूर फसवतो. पायाच्या मागच्या बाजूनं, जिथे टाका दिसणार नाही, तिथे चिरून कातडं मोज्यासारखं खाली उलटवत न्यायचं आणि दोऱ्या काढून टाकायच्या. इथवर कुणालाही जमतं. पण खुराच्या कवचाच्या आत हाडाभोवती जिवंत मऊ थर असतो. तो तसाच राहिला तर आत कुजतो, वास मारतो आणि एके दिवशी कवच सुटून हातात येतं. म्हणून आतून कोरायचं, मीठ किंवा टाकणखार भरायचा, कातडं कमावायचं, मग आत लाकूड किंवा तार घालून शिवायचं. कोट टांगायला खुंटी करायची असेल तर खुराकडचा भाग काटकोनात वाकवून बांधून ठेवायचा. हे ओलेपणीच करावं लागतं, वाळल्यावर वाकवला तर कातडं तडकतं. कातडं खाणारे किडे ही पुढची काळजी. त्यावर अठराव्या शतकात मेत्झ गावचा औषधविक्या झाँ-बातिस्त बेकर यानं सोमलाचा साबण काढला. सोमल, कापूर, चुना, साबण आणि एक खार यांचा तो लेप पुढे शतकभराहून अधिक काळ संग्रहालयांनी वापरला. जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्याला उघड्या हातानं शिवू नये, असं आजही सांगतात ते याच लेपामुळे.

पाय टिकवता येऊ लागला आणि त्याची ओळख सुटत गेली. इंग्लंडात एक्समूरच्या हरणशिकारीत ढालीवरचा पाय तारखेसह जपला जात होता. लंडनच्या पिकॅडिलीत मात्र पेंढा भरणाऱ्या रोलंड वॉर्डनं हत्तीच्या पायाच्या, घोड्याच्या खुराच्या वस्तू विकायला मांडल्या. नेपोलियनचा म्हणून ओळखला जाणारा मारेंगो घोडा १८३१ मध्ये मेला, तर त्याच्या एका खुराची तपकिरीची डबी होऊन ती राजाच्या रक्षकदलाच्या अधिकाऱ्यांकडे गेली. मारेंगोचं नाव तरी राहिलं. वॉर्डच्या दुकानात नाव उरण्याचं कारणच नव्हतं. १८९६ मध्ये स्ट्रँड मासिकानं ‘प्राण्यांचं फर्निचर’ या विषयावर सचित्र लेख छापला, यावरून ही आवड कुठवर गेली होती ते दिसतं.

अमेरिकेत ती घराघरांत शिरली. नेब्रास्कातल्या ओमाहा इथली एक शाळा १९०३ पासून टपालानं पेंढा भरायला शिकवत होती आणि तिच्या जाहिराती पोरासोरांच्या मासिकांतही येत. शेतकऱ्याच्या पोरानं पहिलं हरीण मारलं की मांस घरात, शिंगं भिंतीवर, आणि चार पायांची बंदूक ठेवायची फळी. काहीही फुकट न घालवण्याचा तो हिशेब मला समजतो, आदरही वाटतो. पण ढालीवरच्या एका पायामागे सकाळचं वाचन होतं. फळीला लावलेल्या चार पायांना तो कोणता नर होता हे कुणी विचारलेलं नसतं.

आपल्याकडे साहेबांची आणि संस्थानिकांची शिकार पेंढा भरायला जायची ती अनेकदा म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कारखान्यात. तो १९९९ मध्ये बंद झाला. त्याआधीच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर कडक निर्बंध आणले होते. त्या कायद्यात ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत वन्य प्राण्याचा कोणताही टिकवलेला भाग येतो, म्हणजे घरी हौसेनं हरणाचा पाय वाळवणं हा महाराष्ट्रात छंद नाही, गुन्हा आहे. रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या भेकराचाही पाय उचलता येत नाही, तो प्राणी सरकारचा असतो. एखाद्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या काळातला असा पाय सापडला, तर तो विकायचा नाही, कुणाला भेट द्यायचा नाही. आधी वनखात्याच्या कचेरीत जाऊन त्याची कागदपत्रं आहेत का ते विचारायचं आणि चोळायच्या-पुसायच्या आधी हातमोजे घालायचे.