केली टोळीचा पाठलाग
पीटर कॅरी यांची ‘ट्रू हिस्टरी ऑफ द केली गँग’ (२०००) ही कादंबरी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत घडलेल्या पाठलागावर आधारलेली आहे. २६ ऑक्टोबर १८७८ रोजी स्ट्रिंगीबार्क क्रीक येथे नेड केली व त्याच्या साथीदारांनी तीन पोलिसांना ठार केले. लगेच झालेल्या खास कायद्यानुसार, शरण न आलेल्या या बंडखोरांना कोणीही गोळी घालू शकत होते. त्यांना आसरा देणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत कैद होती. पुढे इनामाची रक्कम ८,००० पौंडांवर गेली. तरीही टोळी वीस महिने हाती लागली नाही, कारण जमीनदार व पोलीस यांच्या जाचाने गांजलेल्या गरीब आयरिश शेतकऱ्यांचा तिला आधार होता. पाऊलखुणांवरून माग काढण्यासाठी सरकारने क्वीन्सलँडमधून आदिवासी माणसे आणवली.

शेवटची चकमक २८ जून १८८० रोजी ग्लेनरोवन येथे झाली. नांगराची लोखंडी पाती ठोकून बनवलेले नेडचे चिलखत सुमारे ४४ किलोंचे होते. शिरस्त्राणाला डोळ्यांपुढे केवळ एक फट होती. पाय मात्र उघडे होते, आणि पोलिसांनी पायांवरच नेम धरला. तिघे साथीदार तेथेच मेले. जखमी नेडला ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नमध्ये फाशी दिली गेली.

नेडने आपल्या मुलीसाठी लिहिलेली हकीकत, हा कादंबरीचा घाट आणि ती मुलगी दोन्ही काल्पनिक आहेत. विरामचिन्हांना फारशी न जुमानणारी निवेदनशैली मात्र नेडने १८७९ मध्ये सांगून लिहवलेल्या जेरिल्डेरी पत्रावरून घेतली आहे.