पोंग्यातल्या अळीचं आजोळ

मक्याचा पोंगा उलगडला की ओल्या भुशासारख्या विष्ठेत ती बसलेली असते. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटाकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. ही अमेरिकन लष्करी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या पतंगाची अळी. 1797 साली अमेरिकेतल्या जॉर्जियातून तिचं शास्त्रीय वर्णन झालं, 2016 मध्ये ती पश्चिम आफ्रिकेत आढळली, मे 2018 मध्ये शिवमोग्ग्याच्या मक्यावर. त्याच वर्षी महाराष्ट्रात मक्यापाठोपाठ सांगली जिल्ह्यातल्या उसावरही तिची नोंद झाली.

खरी गंमत तिच्या कुळात आहे. अमेरिकेत या पतंगाची दोन घराणी: एक मक्यावर पोसलेलं, दुसरं भात आणि गवतावर. दिसायला दोन्ही सारखीच, ओळख पटते ती जनुकांतून. आपल्याकडच्या बऱ्याच अळ्यांची तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) तपासली तर खूण निघते भात घराण्याची. पण नुकसान मक्याचं! झेड गुणसूत्रावरचं टीपीआय जनुक मात्र मका घराण्याचं.

तंतुकणिका फक्त आईकडून येते. पतंगांच्या मादीत झेड गुणसूत्र एकच, आणि ते बापाकडून आलेलं. म्हणजे भात घराण्याच्या पणजीचा मका घराण्यात कधीतरी संबंध जुळला, पुढच्या पिढ्या मका घराण्यातच नांदल्या, आणि आजोळची खूण तेवढी तंतुकणिकेत उरली. आफ्रिकेतही हीच विजोड जोडी सापडते. म्हणून संशोधक नागोशी आणि त्यांचे सहकारी म्हणतात की आफ्रिका, भारत आणि आग्नेय आशियातले पतंग एकाच मुळाचे असून फ्लोरिडा-कॅरिबियनकडच्यांशी जुळतात.

याला आव्हान मिळालं ते संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासातून. ऑस्ट्रेलियातले टे आणि सहकारी यांच्या मते आफ्रिकेकडून पूर्वेकडे एकच लाट आली नाही. हा पतंग जुन्या जगात वेगवेगळ्या ठिकाणी अनेकदा उतरला. हा पुरावा वजनदार आहे, एकदोन जनुकांच्या खुणांनी तो उडवता येत नाही. तरीही मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. जहाजं आणि विमानं अनेक असतील, पण त्यांत चढलेली पिलावळ त्याच मिश्र कुळातली असावी. नाहीतर हीच विजोड खूण आफ्रिकेपासून भारतापर्यंत पुन्हापुन्हा का निघावी?

म्हणून नव्या जिल्ह्यात हा पतंग सापडला की गाव, तारीख आणि पिकाबरोबर तंतुकणिका आणि टीपीआय या दोन्ही खुणा तपासून घ्यायला हव्यात. नुसत्या तंतुकणिकेवर विसंबलं तर नोंदवहीत भात घराणं लिहिलं जाईल, आणि पोंगा मात्र मक्याचा कुरतडलेला असेल.