मरकजची बातमी आणि जनमत

मार्च 2020 मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि काही वृत्तवाहिन्यांनी ‘कोरोना जिहाद’ हा शब्द घराघरात पोहोचवला. रोजच्या आकड्यांत तब्लिगी जमातचे रुग्ण वेगळे मोजून दाखवले जात. आजार आणि मजहब एकच झाले; मग भाजीवाल्यालाही आधी नाव विचारलं जाऊ लागलं.

21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. माध्यमांनी अपप्रचार केला, हेही निकालात नोंदवलं. ही बातमी किती घरांत पोहोचली? मत देताना लोकांना आठवते ती पहिलीच बातमी, असं आम्हाला वाटतं.

वर्गात आम्ही दोन्ही कात्रणं शेजारी ठेवतो. मुलं आधी तारखा बघतात, मग मथळ्यांचा आकार मोजतात.