मोक्षपटापासून मोबाइलपर्यंत

पावले मोजणारे घड्याळ, भाषा शिकवणारे ॲप, पैसे पाठवल्यावर मिळणारे स्क्रॅच कार्ड अशा रूपांत कामाला खेळाचा साज चढवण्याच्या रीतीला आज गेमिफिकेशन म्हणतात. निक पेलिंग या ब्रिटिश प्रोग्रॅमरने हा शब्द २००२ मध्ये घडवला आणि २०१० नंतर तो उद्योगजगतात रुळला. कल्पना मात्र फार जुनी आहे. तिचा माग काढत आपण मोक्षपटापर्यंत जाऊ शकतो.

मोक्षपटाच्या रचनेचे श्रेय मराठी परंपरा ज्ञानेश्वरांना देते. कवड्या टाकून खेळायच्या या पटावर घराघराला अर्थ होता. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेई, दुर्गुणाच्या घरात साप गिळी आणि वाट मोक्षापर्यंत जाई. सोंगटी कशामुळे घसरली, हे पाहता पाहता खेळणाऱ्याला नीतीचा पाठ मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये पोहोचला. तिथे आधी त्यात व्हिक्टोरियन सद्गुण आले, पुढे तेही पुसट झाले आणि आकडे तेवढे उरले. चढ-उतार राहिला, पण कशासाठी चढायचे हे पटावरून गेले.

विसाव्या शतकात कामाचेही असेच झाले. ३१ ऑगस्ट १९३५ रोजी सोव्हिएत संघातल्या दोन्बासच्या कोळसा खाणीत अलेक्सेई स्ताखानोव्ह या कामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचे जाहीर झाले. हे प्रमाण ठरलेल्या कामाच्या चौदापट होते. त्याच्या हाताखाली आधार ठोकणारे मदतनीस होते, हे मागे पडले. देशभर विक्रमांची शर्यत लागली, वीरांना मानसन्मान मिळाले आणि १९३६ मध्ये सर्वांच्याच कामाची प्रमाणे वाढवली गेली.

बक्षिसाची दुसरी बाजू १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने उघड केली. स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रे काढायची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काही मुलांना चित्र काढल्यास सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र देण्याचे आधीच कबूल केले. पुढे मोकळ्या वेळेत ही मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची गोडी मात्र टिकली.

हे ध्यानात ठेवून आपण २०१६ च्या उन्हाळ्यात येऊ. पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तालुक्यांतली ११६ गावे उतरली. इथेही गुण होते, मुदत होती, रोख बक्षीस होते. पहिला क्रमांक कोरेगावच्या वेळू गावाने पटकावला. पण श्रमदानाने खणलेले चर हरलेल्या गावांच्याही शिवारात राहिले. त्यांत मुरणारे पाणी त्यांचेच होते.

गुण आणि बिल्ले माणसाला हलवतात, टिकवतो तो कामाचा अर्थ. म्हणून शाळेत, कार्यालयात किंवा ॲपमध्ये अशी योजना आखणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे: बक्षीस काढून घेतले, तर माणसाच्या हाती काय उरेल?